शब्दचर्चा : खोडकर, व्रात्य, अवखळ, बुजरा… लहानपणच्या स्वभावाचं कौतुक नेमक्या कोणत्या शब्दात?

प्रश्न
शाळेच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांचे लेख तपासताना एक अडचण सारखी येते. आपल्या लहानपणच्या स्वभावाबद्दल जो तो मायेने लिहू पाहतो, पण गाडी 'मी फार मस्तीखोर होतो' इथेच अडते. खोडकर, व्रात्य, द्वाड, हूड, अवखळ यांत फरक कसा करावा? शांत मुलांसाठी 'लाजाळू'खेरीज काय आहे?

डिचोलीहून
खोडकरपासून सुरुवात करू, कारण तोच सर्वांत जास्त वापरला जातो. हा शब्द 'खोडी'वरून आला आहे, 'खोड'वरून नाही. खोड म्हणजे जडलेली सवय, जित्याची मेल्याशिवाय न जाणारी. खोड असलेला बैल तो खोडील. खोडी मात्र गंमत म्हणून आणि कुणाची तरी काढायची असते. म्हणून खोडकर मुलाला समोर दुसरा माणूस लागतो. चवथीच्या माटोळीतली, म्हणजे गोव्यात गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळा-पानांच्या चौकटीतली, केळी विसर्जनाआधीच गुपचूप सोडवून मोठ्यांना कोड्यात टाकणारा मुलगा खोडकर.

अवखळाला असं कुणी लागत नाही. त्याचा पाय घरात ठरत नाही, हातातलं सांडतं, दारं आपटतात, पण मनात कुणाला छळायचं नसतं. म्हणून ओढ्याला अवखळ म्हणतात. वाऱ्याला खोडकर म्हटलं, की तो लगेच कुणाचा तरी पदर ओढू लागतो. फरक इथे स्पष्ट दिसतो.

हूडपणात अंगातली रग आणि बेफिकीर धाडस येतं: उंच आंब्यावर चढणं, भरल्या तळीत उडी टाकणं. खट्याळपणा डोळ्यांत आणि बोलण्यात असतो. 'खट्याळ हसू' म्हणतो, 'हूड हसू' म्हणत नाही.

'द्वाड' जपून वापरावा. जुन्या मराठीत त्याचा अर्थ सरळ 'दुष्ट, वाईट' असा होता. आजीने नातवाला "द्वाड कुठला!" म्हटलं, की त्या सुरामुळे शब्दातलं विष निघून जातं. स्वतःबद्दल 'मी द्वाड होतो' असं लिहिलं, की तो सूर हरवतो. 'आजी मला द्वाड म्हणे' असं लिहिलं, की तो परत येतो.

म्हापशाहून
'व्रात्य'बद्दल थोडी भर. मनुस्मृतीत उपनयनाची कमाल वयोमर्यादा वर्णांनुसार १६, २२ आणि २४ वर्षं दिली आहे. ती उलटूनही मुंज न झालेला तो व्रात्य. अथर्ववेदाच्या १५व्या कांडात मात्र व्रात्याची चक्क स्तुती आहे. मराठीत 'संस्कार न झालेला' इथून 'वळण नसलेला' आणि पुढे 'खोड्या करणारा' इथवर शब्द आला. आजही तो खोडकरपेक्षा एक पायरी कडक आहे. मास्तरांच्या तोंडी शोभतो, आईच्या तोंडी सहसा नाही.

पेडण्याहून
आगाऊ, भोचक, चोंबडा हे तिन्ही कौतुकाला निरुपयोगी. सतत 'हे का, ते कसं' विचारणाऱ्या मुलासाठी 'चौकस' वापरा. भोचक माणसाची नजर दुसऱ्याच्या खासगी गोष्टींवर असते, चौकस मुलाची वस्तूंवर.

फोंड्याहून
शांत मुलांसाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही, फक्त ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'बुजरा' हा गुराढोरांच्या बुजण्यावरून आला आहे: अनोळखी दिसलं की मागे सरणारा. पाहुणे बलकावात (घरापुढच्या ओसरीत) आले की माजघरात पळणारं मूल बुजरं. ओळख झाली, की तेच मूल भरपूर बोलेल. 'मुखदुर्बळ' मुलाला उत्तर येत असतं, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. 'घुमा' मनातलं बाहेर काढत नाही, आणि त्यात किंचित तक्रार आहे. 'अबोल'मध्ये ती नाही. 'भिडस्त' मोठ्या माणसासाठी ठेवावा, कारण भीड पडायला व्यवहार लागतो.

आता आपल्या गोव्यातली खास अडचण. घरी कोंकणी, लेखन मराठीत. कोंकणीत लहान मुलीला नपुंसकलिंग चालतं: 'तें आयलें'. त्या सवयीने मुलीबद्दल 'ते फार खोडकर होते' असं लिहिलं जातं, आणि गोव्याबाहेरचा वाचक ते एखाद्या आदरणीय गृहस्थाबद्दल समजतो. पूर्वीच्या मराठीत 'तें होतें' असा अनुस्वार असल्याने घोटाळा टळायचा. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी तो गेला, कोंकणीत टिकला. उपाय सोपा आहे. निवेदनात 'ती खोडकर होती'. घरातलं बोलणं द्यायचं असेल, तर ते अवतरणात आणि अनुस्वारासकट. आजीचं 'तें' पुसून 'ती' करू नका, सगळी माया त्या नपुंसकलिंगातच आहे.

साखळीहून
संपादनासाठी दोन गोष्टी.

'लहानपण देगा देवा' हे शीर्षक बालपणीच्या आठवणींना दर वेळी दिलं जातं. तुकोबांच्या त्या अभंगात पुढे मुंगीला साखरेचा रवा आणि ऐरावताला अंकुशाचा मार आहे. तिथे मागणं नम्रपणाचं आहे, बालवयाचं नाही. शीर्षक टाळलेलं बरं.

दुसरं म्हणजे, नुसत्या विशेषणाने स्वभाव दिसत नाही. आधी कृती रीतिभूतकाळात लिहून घ्यावी: 'पाटीवरची शेजाऱ्याची बेरीज तो हळूच पुसून टाकी.' मग विशेषण हवंच असेल तर एकच, तेही घरातल्या कुणाच्या तरी तोंडी. 'मी खोडकर, व्रात्य आणि मस्तीखोर होतो' यात तीन शब्द आहेत, पण मूल एकही दिसत नाही. 'बालिश' आणि 'पोरकट' हे मोठ्यांना दिलेले दोष आहेत. मुलाबद्दल लिहिताना 'निरागस' किंवा 'बालसुलभ' घ्यावा.

फोंड्याहून
नामं करताना चूक होते, म्हणून एवढं जोडतो: खोडकरपणा, हूडपणा, चौकसपणा हे जसेच्या तसे. पण आकारान्त शब्दाचा 'ए' होतो: बुजरेपणा, घुमेपणा. 'बुजरापणा' आढळला तर दुरुस्त करावा.