सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावरचं 'अलिओटोज नं. ८' : कुणाला माहिती आहे का?

सायली_कणकवली:
मंडळी, बाबा ऐंशीच्या दशकात मर्चंट नेव्हीत होते. तिथल्या फिशरमन्स व्हार्फवरच्या 'अलिओटोज'चं मेनूकार्ड त्यांनी अजून कपाटात जपून ठेवलंय. डिसेंबरात आम्ही भावाकडे सॅन होजेला जातोय आणि बाबांचा एकच हट्ट, तिथेच जेवायचं. नेटवर 'कायमचं बंद' दिसतंय. खरंच का? आणि पाटीवर 'नं. ८' कसला? बाबा म्हणतात, हॉटेल एका बाईने उभं केलं. आई म्हणते, ह्यांचं काही खरं नसतं.

बे_एरियातला_गाबीत:
बंद झालं गो. मार्च २०२० ला कोविडमध्ये दार लावलं ते लावलंच, आणि २०२२ मध्ये घरच्यांनी बंदराची जागाही सोडून दिली. पण बाबांना एवढंच सांगून मोकळी होऊ नको.

८ हा मासळीच्या गाळ्याचा नंबर. १९०० मध्ये सरकारने टेलर स्ट्रीटच्या टोकाची जागा मच्छीमार होड्यांसाठी ठरवून दिली, तिथे हा धक्का वसला. खलाशी बहुतेक इटालियन, त्यात सिसिलीचे पुष्कळ. १९२५ मध्ये नुन्झिओ अलिओटो ८ नंबरच्या गाळ्यावर ताजी मासळी विकायला बसले. धक्क्यावरच्या इटालियन मजुरांना दुपारचं खाणंही तिथेच मिळायचं. शेजारच्या हॉटेलाचं 'ग्रोटो नं. ९' हे नावही गाळ्याच्याच नंबरावरून. १९३२ मध्ये नुन्झिओंनी टेलर आणि जेफरसनच्या कोपऱ्यावर छोटी इमारत बांधली. खेकड्याचं, कोळंबीचं कॉकटेल मिळायचं. पुढच्याच वर्षी नुन्झिओ अचानक गेले.

आता बाबांचा मुद्दा. बाबा शंभर टक्के बरोबर! मागे राहिल्या रोझबाई आणि तीन मुलं. आपल्याकडे मासे पुरुष आणतो आणि बाजार बाईच्या हातात असतो. माझी आजी मालवणच्या बाजारात पाटी घेऊन बसायची, तिच्यापुढे भाव करायची कुणाची छाती नव्हती. त्या धक्क्यावर मात्र होडीपासून काट्यापर्यंत सगळा पुरुषांचा कारभार, आणि वर मंदीचे दिवस. बाईंनी गाळा विकला नाही. १९३८ मध्ये तिथे स्वयंपाकघर घातलं, तेव्हा कुठे 'अलिओटोज' हे रेस्टॉरंट सुरू झालं. लोक संस्थापक म्हणून नुन्झिओंचं नाव घेतात. घेऊ देत. माझ्या लेखी गाळा नवऱ्याचा, हॉटेल बाईचं. पुढे याच घराण्यातले जोसेफ अलिओटो १९६८ ते १९७६ शहराचे महापौर होते.

खायचं म्हणजे चोपीनो. होडीवर जे हाती लागेल ते टोमॅटोच्या रश्शात शिजवायचं, हे मूळ. हॉटेलात त्याला वाइन आणि थाट चढला. खेकडा कवचासकट, तिसऱ्या, कोळंबी, माशाचे तुकडे, गळ्यात लाळेरं बांधून हातानेच खायचं. खोबरं नाही, तिरफळं नाही, तरी बरं लागतं. बाहेर फुटपाथवर मोठ्या कढया उकळत असायच्या. माणूस चिमट्याने लालबुंद खेकडा काढायचा, पाठीचं कवच एका झटक्यात उपटायचा आणि नांग्या ठेचून कागदात गुंडाळून हातात द्यायचा. वाफेचा खारट वास कोटाला चिकटून घरापर्यंत यायचा. (बायको कोट गॅलरीत टांगायला लावायची.)

एक सांगून ठेवतो. तिथे व्यापारी मासेमारीत फक्त नर खेकडे पकडता येतात, मादी परत पाण्यात सोडावी लागते. त्यामुळे लाखेने (म्हणजे अंड्यांनी) भरलेली कुर्ली विसरा.

नॉर्थबीचकर:
गाबीत काकांनी लढाईचा काळ सोडला, म्हणून भर घालतो. १९४२ मध्ये नागरिकत्व न घेतलेल्या इटालियनांना 'शत्रुदेशाचे' ठरवून धक्क्यावर पाऊल ठेवायला मनाई केली होती. त्यात बेसबॉलवाल्या जो डिमॅजिओचे वडीलही होते. जन्म मासेमारीत गेला, पोराचं हॉटेल त्याच धक्क्यावर, आणि बापाला तिथे जायला बंदी! ऑक्टोबर १९४२ मध्ये इटालियनांवरची ही बंधनं उठली. काही मच्छीमारांच्या होड्याही सरकारने लढाईच्या कामासाठी घेतल्या होत्या.

सायली_कणकवली:
बाबांना वाचून दाखवलं. आईकडे बघून असे काही हसले की बस. मग आता जेवायचं कुठे? आणि डिसेंबरात खेकडा मिळतो ना?

बे_एरियातला_गाबीत:
भरवसा नाही. पूर्वी नोव्हेंबरच्या मध्याला हंगाम सुरू व्हायचा आणि थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरअखेरचा तिथला सण) घरोघरी खेकडा असायचा. आता देवमासे पिंजऱ्यांच्या दोऱ्यांत अडकू नयेत म्हणून सुरुवात पुढे ढकलतात, हल्ली तर बहुतेक वर्षी जानेवारी उजाडतो. डिसेंबरात ताटात येईल तो वॉशिंग्टन-ओरेगॉनकडचा किंवा बर्फातला असू शकतो. सरळ विचारा, 'इथला का?' उत्तर द्यायला वेळ लावला तर चोपीनो मागवा, रश्शात फरक कमी कळतो.

हॉटेलांच्या मागे होड्यांचा तलाव आहे, तिथे सकाळी जा. बाबा जहाजावरचे, त्यांना तेच आवडेल. होडीवरून थेट विकायलाही आता परवानगी आहे, कुणी विकत असेल तर घ्या. भावाकडे मोठं पातेलं आहे का ते आधी विचारून ठेव. आणि कोट चांगला जाड घ्या, तिथला वारा हाडात शिरतो.