शिक्षा झालेल्याला शेतीसंरक्षणाची बंदूक : 'जन्मात नको' म्हणणाऱ्यांना

इगतपुरीकर

परवा या चर्चामंचावर 'गंगापूररोड' या नावाने वावरणाऱ्यांनी लिहिलं की, कोर्टात एकदा शिक्षा लागली की त्या माणसाला जन्मात बंदुकीचा परवाना देऊ नये आणि रानडुक्कर मारायची परवानगी तर मुळीच नको. वर दाखला काय, तर 'अमेरिकेसारख्या बंदूकवेड्या देशातसुद्धा गुन्हेगाराला शिकारीला जाऊ देत नाहीत.' खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण डोकं जाग्यावर नव्हतं. म्हणून वेगळा धागा.

आधी अमेरिकेचं. वर्षाहून जास्त कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला तिथे 1968 च्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, इथपर्यंत बरोबर. पण शिकारीचा परवाना राज्य देतं. जुन्या धाटणीची ठासणीची बंदूक त्या केंद्रीय कायद्यात धरलेलीच नाही आणि धनुष्यबाणाला कुणी विचारत नाही. कित्येक राज्यांत शिक्षा भोगून आलेला माणूस रीतसर परवाना काढतो आणि धनुष्य घेऊन हरणामागे जातो.

दुसरं. पेन्सिल्वेनियात एकाने 1995 मध्ये सरकारी धान्याच्या कुपनांसाठी उत्पन्न कमी दाखवलं. रक्कम 2,458 डॉलर. तुरुंगात एक दिवस नाही, तीन वर्षं देखरेखीखाली राहा म्हणून सोडला. पण त्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती, म्हणून बंदूक कायमची बंद. बायकोने हरणाच्या शिकारीसाठी रायफल घेऊन दिली होती, तीही आपल्याला चालत नाही म्हटल्यावर त्याने विकून टाकली. मग कोर्टात गेला. 2023 मध्ये अपील कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. सुप्रीम कोर्टाने फेरविचाराला परत पाठवलं, तर डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा त्याच्याच बाजूने. म्हणजे तुमचं 'सरसकट' तिथेही डळमळलंय.

आता घरचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद. उरलंय ते कलम 11 : उभं पीक उद्ध्वस्त करणारं डुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारायला लेखी परवानगी. ती मिळाली तरी मारणार कशाने? हाताने? माझ्या चुलतभावाचं भात आहे. भात दुधात आलं की डुकरं उतरतात. खातात थोडं, नासवतात फार. सकाळी खाचरात उतरलं की लोंब्या चिखलात दाबलेल्या, मधोमध अंग घासून गुळगुळीत झालेली जागा आणि बांध उकरून पाणी पलीकडे गेलेलं. भावाने तेविशीत बांधाच्या भांडणात एकाचा हात मोडला होता. शिक्षा झाली, भोगली. आज घरात नातू खेळतोय. रात्री माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवतो. शेजाऱ्याकडे परवाना आहे, म्हणून डुकरं शेजाऱ्याकडची आमच्याकडे येतात. अजून किती वर्षं शिक्षा?

गंगापूररोड

लेख लांब आहे, मुद्दा आखूड आहे. हात कशाने मोडला ते लिहायचं राहिलं का?

इगतपुरीकर

फावड्याच्या दांड्याने.

गंगापूररोड

झालं तर. फावडं हातात होतं म्हणून हात मोडला. त्या दिवशी बंदूक हातात असती तर आज हा धागा तुम्ही काढला नसता, त्या समोरच्याच्या मुलाने काढला असता. बांध अजून तिथेच आहे ना? शेजारीही तोच?

वकीलीणबाई

दोघांनीही कायदा न बघता भांडण सुरू केलंय, चालू द्या. शस्त्र अधिनियम 1959, कलम 9 : हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेल्याला शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं शस्त्र बाळगता येत नाही. जन्मभर नाही, पाच वर्षं. चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला असेल तर त्या बाँडची मुदत संपेपर्यंत. तुमच्या भावाला आज अर्ज करायला कायद्याची आडकाठी नाही. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूदही त्याच कायद्यात आहे.

इगतपुरीकर

ताई, आडकाठी कायद्यात नाही, टेबलावर आहे. पोलीस अहवालात 'पूर्वी शिक्षा' एवढे दोन शब्द पडले की फाइल खाली बसते. कधीची, कशाची, कोण विचारतो?

वकीलीणबाई

सार्वजनिक शांततेच्या कारणाने परवाना नाकारता येतो, कलम 14. नाकारला तर अपील आहे. केलं का?

इगतपुरीकर

भात लावायचं की अपील करायचं?

निफाडचा भो

शिक्षा झालेल्यांचं राहू द्या भो. ज्याच्यावर साधी एनसी (अदखलपात्र तक्रार) नाही त्याने काय घोडं मारलंय? निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. 2024 ला लोकसभा, उन्हाळ्यात. चला, ठीक. मग विधानसभा. आचारसंहिता लागली 15 ऑक्टोबरला, मतदान 20 नोव्हेंबरला. इगतपुरीकर, भात कधी कापता तुम्ही? हां. नेमकं तेव्हाच. डुकरांना आचारसंहिता कोण सांगणार? आमच्याकडे उसात डुकरांचा कळप आणि बंदूक लोखंडी कपाटात, पावती माझ्या खिशात.

येवल्याचा

+1. आणि परत देताना गंज चढलेली देतात.

वकीलीणबाई

सरसकट जमा करायची नसते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले अशांचा विचार करून छाननी समितीने ठरवायचं असतं. निवडणूक आयोगाच्याच सूचना आहेत. निकालानंतर आठवड्याने शस्त्र परत द्यायचं.

निफाडचा भो

छाननी! आमच्या ठाण्यातून फोन येतो, 'काका, सगळेच आणून टाकतायत, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता.' ही तुमची छाननी. मी आणि तो मारामारीवाला एकाच रांगेत उभे.

गंगापूररोड

ठेवा की जमा. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढताना कुठे जातं हे शेतीसंरक्षण? शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद ठेवावी लागली, ती काय डुकरांनी मागितली होती?

निफाडचा भो

मी कधी वरातीत बार काढला? नाव घेऊन बोला.

गंगापूररोड

तुम्हाला म्हटलं नाही. लागलं असेल तर बघा.

येवल्याचा

गंगापूररोडच्या फ्लॅटमध्ये बसून डुकरावर बोलणं सोपं आहे. आमच्याकडे या, ममदापूर-राजापूरला. काळवीट आहे, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण. बंदूक असली काय, नसली काय, उगवलेलं पीक ते खाणार आणि आपण हुर्रर्र करत पळायचं. निदान डुकराला परवानगी तरी आहे, तुम्ही तेवढ्यावर भांडताय!

सिन्नर_99

आणि बिबट्या? बिबट्यावर कुणीच का बोलत नाही?

वकीलीणबाई

कारण बिबट्याचे इथे आधीच ढीगभर धागे आहेत.

पिंपळगावची

मला निवडणुकीतलं कळत नाही. माझ्या मावशीच्या घरी परवान्याची बंदूक होती, देवघराच्या बाजूच्या खोलीत भिंतीला टांगलेली. काकांनी ती जनावरावर उडवल्याचं मला तरी आठवत नाही. दारू पिऊन आले की फक्त खुंटीवरून काढून मांडीवर घेऊन बसायचे. बोलायचे काही नाहीत. मावशी ताट वाढायची आणि आम्हा मुलींना माडीवर पाठवायची. पोलिसात कुणी गेलं नाही, त्यामुळे शिक्षा नाही, त्यामुळे दर वेळी परवान्याचं नूतनीकरण. गंगापूररोड, तुमच्या 'शिक्षा झालेल्यांना जन्मात नको'मध्ये माझे काका कधीच बसले नसते. आणि इगतपुरीकर, तुमच्या भावजयीला कुणी विचारलंय का, घरात बंदूक हवी का म्हणून?

इगतपुरीकर

नाही विचारलं. विचारतो.

गंगापूररोड

ताई, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय.

पिंपळगावची

नाही. मी तुमच्या दोघांच्याही बाजूने नाही.

भटका

इतका वेळ वाचत होतो. 'गुन्हेगार' आणि 'शिकार' हे दोन शब्द जिथे एकत्र येतात तिथे माझ्या आज्याचं नाव निघतं, म्हणून लिहितो. आम्ही फासेपारधी. तितर, लावे, ससे, फाशात धरायचे आणि बाजारात विकायचे, हाच धंदा. इंग्रजांनी 1871 ला कायदा काढला आणि जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार लिहायची सोय झाली. कोर्ट नाही, साक्ष नाही, फक्त हजेरी. 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का गेला. वीस वर्षांनी 1972 चा कायदा आला आणि पोटाचा धंदाच गुन्हा झाला. त्या कायद्याच्या विरोधात मी नाही, लावे संपत आले हे मलाही दिसतं. पण 'एकदा नाव लागलं की जन्मात नाही' हे वाक्य आमच्यासाठी नवीन नाही एवढंच सांगतो. आजही गावात चोरी झाली की पहिली गाडी आमच्या पालावर येते. तुमच्या त्या अहवालात 'पूर्वी' या शब्दाखाली काय काय येतं ते आम्हाला विचारा.

गंगापूररोड

चर्चा परवान्याची आहे, त्यात जात कशाला? आणि तुम्हीच म्हणताय फासे लावायचो. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात अजून लागतात फासे. जागतिक महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळालाय, आणि पाणपक्षी जाळ्यात. ते कोण लावतं?

भटका

मला विचारताय? का? मी तिथे राहतो असं लिहिलंय मी कुठे? बघा, आली गाडी पालावर.

येवल्याचा

गंगापूररोड, हे जरा जास्त झालं.

गंगापूररोड

वाक्य चुकीच्या जागी पडलं, जाळं कुणाच्याही हातात असू शकतं. पण मुद्दा सोडत नाही. वन्यजीवांच्या गुन्ह्यात शिक्षा झाली त्याला तरी कायमचं बाहेर ठेवाल की नाही?

वकीलीणबाई

1972 च्या कायद्याचं कलम 51 : ज्या शस्त्राने गुन्हा केला त्याचा परवाना कोर्ट रद्द करू शकतं आणि दोषी ठरल्यापासून पाच वर्षं नवा परवाना नाही असा आदेश देऊ शकतं. इथेही पाचच. तेही कोर्टाने ठरवलं तर.

पेठचा

मी लिहू की नको असं करत होतो. आमच्या वाडीतला एक जण, मका राखायला जायचा. शेजारच्याने डुकरासाठी तारेत करंट सोडला होता. बाइंडिंगची तार, घोट्याएवढ्या उंचीवर, अंधारात दिसतच नाही. सकाळी बायको डबा घेऊन गेली तर हा तारेवर, टॉर्च अजून चालू. तार लावणाऱ्याला सगळे ओळखतो, वाईट माणूस नाही. बंदूक मागितली होती त्याने, मिळाली नाही. डुकरं बुजावीत म्हणून शेताभोवती साड्या बांधून झाल्या, फटाके झाले, मग हे. आता सांगा, हा सुटून आला की याला परवानगी द्यायची?

इगतपुरीकर

नाही. आणि भावालाही तार लावू देणार नाही, हे मी घरी आधीच सांगून ठेवलंय.

गंगापूररोड

मग हाच तर गुन्हेगार! हाच 'जन्मात नको'वाला. इतका वेळ मी काय म्हणतोय?

वकीलीणबाई

थांबा. करंटच्या तारेत पोलीस पुष्कळदा सदोष मनुष्यवध लावतात. पण कोर्टात तो टिकला नाही आणि शिक्षा नुसत्या निष्काळजीपणात झाली, तर ती हिंसा नव्हे आणि सहसा नैतिक अधःपतनही धरत नाहीत. मग कलम 9 ची पाच वर्षंसुद्धा त्याला लागत नाहीत. फावड्याने हात मोडणारा पाच वर्षं बाहेर, तारेने जीव घेणारा दुसऱ्या दिवशी अर्ज करू शकतो. परवाना देणारा अधिकारी नाकारेल, ती गोष्ट वेगळी.

पेठचा

हे खरं आहे?

वकीलीणबाई

दुर्दैवाने.

पिंपळगावची

आणि मांडीवर घेऊन बसणाऱ्याला काहीच नाही.

गंगापूररोड

बरं. 'जन्मात' हा शब्द मागे घेतो, इगतपुरीकरांनी उद्या भिंतीवर लावून ठेवावा. मारामारीला पाच वर्षं, पोलीस अहवालात शिक्षेचं साल आणि कलम स्पष्ट लिहायचं, नुसतं 'पूर्वी शिक्षा' नाही. पण जनावरासाठी माणूस मारणारी तार ज्याने लावली त्याला परवानगी नाही. पाच नाही, पन्नास वर्षांनीही नाही. यावर मी हटणार नाही.

इगतपुरीकर

तारेवर तुमच्याशी सहमत व्हावं लागतंय, तोंड कडू झालं. पण अहवालात साल-कलम लिहा हे मी पहिल्यापासून म्हणतोय, श्रेय घेऊ नका.

गंगापूररोड

तुम्ही 'टेबल' म्हणालात, साल-कलम मी म्हणालो. वर जाऊन वाचा.

भटका

आणि ज्याला शिक्षाच झाली नाही त्याच्या अहवालात काय लिहायचं, ते पण ठरवून टाका एकदा.

इगतपुरीकर

भावजयीला विचारलं. म्हणाली, बंदूक नको, डुकराची नुकसानभरपाई वेळेवर आणून द्या. भाऊ म्हणतो अर्ज करायचाच. वकीलीणबाई, फॉर्म भरून द्याल का?

वकीलीणबाई

दोघांचं एकमत करून या, मग भरते. फी लागेल.

निफाडचा भो

ते सगळं ठीक भो. पण भरून, तपासून, मिळून तो माणूस बंदूक घरी आणेल तेव्हा निवडणूक लागलेली असेल. थेट ठाण्यातच न्यायला सांगा, हेलपाटा वाचेल.