स्कॅनर ‘इन्फेक्टेड’ म्हणाला, तर आधी तपास की आधी फॉरमॅट?

बर्डीचा अ‍ॅडमिन

पोळा-मारबतीच्या आठवड्यात इतवारीतल्या एका होलसेल किराणा दुकानदाराचा फोन आला. बिलिंगचा सर्व्हर लिनक्सवर. रात्री आपोआप चालणाऱ्या चेकरूटकिटने, म्हणजे छुपे मालवेअर शोधणाऱ्या स्कॅनरने, ‘एबरी, ऑपरेशन विंडिगो, बसलेलं असण्याची शक्यता’ अशी ओळ दाखवली. त्यांच्या तंत्रज्ञाने त्याच दिवशी डिस्क पुसली. बॅकअप गुरुवारचा होता, म्हणजे ऐन सणाची दोन दिवसांची बिलं आणि उधारीच्या नोंदी गेल्या. नवीन सिस्टीम टाकली, स्कॅन चालवला, तर तीच ओळ पुन्हा! मला बोलावलं ते त्यानंतर.

कारण समजायला दहा मिनिटं लागली. एबरी हा खरा मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम आहे आणि ऑपरेशन विंडिगो ही तो वापरणारी मोहीम. सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ईसेट कंपनीने २०१४ मध्ये त्यावर मोठा अहवाल दिला होता. त्या काळी साध्या एसएसएचला (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचा प्रोग्राम) ‘-जी’ (मोठं G) हा पर्याय माहीतच नव्हता. तो दिला की ‘असा पर्याय नाही’ अशी तक्रार यायची. एबरी घुसलेलं एसएसएच मात्र तक्रार करत नसे. चेकरूटकिट एवढंच बघायचं: तक्रार आली तर स्वच्छ, नाही आली तर लागण. मग २०१५ मध्ये ओपनएसएसएच (एसएसएचचं नेहमी वापरलं जाणारं रूप) ६.८ ने ‘-जी’ हा पर्याय अधिकृतपणेच आणला. तेव्हापासून जुन्या चेकरूटकिटला प्रत्येक नवीन, धडधाकट एसएसएच आजारी दिसतं.

माझं ठाम मत आहे की स्कॅनरची ओळ हा निकाल नसतो. ती कोणत्या खुणेवरून आली ते कळेपर्यंत डिस्कला हात लावू नये.

दुसरी गोष्ट मदत मागण्याची. त्या तंत्रज्ञाने एका ग्रुपवर स्क्रीनचा अर्धवट फोटो टाकून ‘सर्व्हर हॅक झाला, अर्जंट’ एवढंच लिहिलं होतं. अकरा उत्तरं आली आणि अकराही अंदाज. स्कॅनरची आवृत्ती, सिस्टीमची आवृत्ती आणि ती पूर्ण ओळ जशीच्या तशी लिहिली असती, तर पहिल्याच जाणकाराने ओळखलं असतं.

वर्धमाननगरवाला

भाऊ, मी तीस दुकानांची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) सांभाळतो, म्हणून सांगून राहिलो. तुमची दहा मिनिटं ही तुमच्या वीस वर्षांच्या अनुभवाची दहा मिनिटं आहेत. माझ्या पोराला त्यात दोन दिवस जातील आणि तोवर काउंटर बंद.

शिवाय तपासणार कशाने? खरंच रूटकिट, म्हणजे स्वतःला लपवणारा मालवेअर, असेल तर त्या मशीनवरचं फाइली दाखवणारं ‘एलएस’ खोटं बोलेल, चालू प्रोग्राम दाखवणारं ‘पीएस’ खोटं बोलेल. फाइली बदलल्या का हे बघणारं डेबसम्स ज्या यादीशी त्या ताडून बघतं, ती यादीही त्याच डिस्कवर. चोराच्याच घरी बसून चोरीचा पंचनामा करण्यासारखं आहे हे. पुसणं बरोबरच होतं. चुकलं ते बॅकअपचं. रोजचा असता तर ही चर्चाच नसती.

बर्डीचा अ‍ॅडमिन

बॅकअपचं शंभर टक्के मान्य. त्याच डिस्कवरच्या यादीचंही मान्य, म्हणूनच संशय पक्का वाटला की मशीन लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरच्या वेगळ्या, स्वच्छ सिस्टीमवरून) चालू करून बाहेरून बघायचं.

पण पुसणं म्हणजे सुटका, हे मला पटत नाही. एबरीचं मुख्य काम एसएसएचचे पासवर्ड आणि किल्ल्या चोरणं. त्या दुकानात ते खरंच असतं, तर डिस्क पुसून तोच जुना पासवर्ड पुन्हा ठेवल्याने काय साधलं असतं? चोर दुसऱ्या दिवशी त्याच किल्लीने आत. आणि तो पहिल्यांदा कुठून आला याची खूण तुम्ही स्वतःच्या हाताने पुसलेली असते. तपास न करता केलेलं फॉरमॅट दोन्हीकडून वाया जातं.

मिहानमधली

मी रात्रपाळीत अलार्म बघण्याचंच काम करते. दादा, तुमच्या मूळ मांडणीतली एक गोष्ट मला धोक्याची वाटते. ‘हा खोटा अलार्म’ असं एकदा ठरलं की माणसं पुढच्या वेळी ती ओळ वाचतच नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकेत टार्गेट या साखळीच्या दुकानांतून सुमारे चार कोटी कार्डांची माहिती गेली, तेव्हा त्यांच्या यंत्रणेने इशारे दिले होते. त्यावर वेळेत हालचाल झाली नाही.

आरके-हंटर या दुसऱ्या स्कॅनरचंही तसंच. अपडेटनंतर ‘फाइल बदलली’ म्हणून ओरडतो, लोक डोळे झाकून ‘प्रॉपअपडी’ची आज्ञा देतात आणि मशीनची तेव्हाची स्थिती, बिघडलेली असली तरी, बरोबर म्हणून नोंदली जाते. आमच्याकडे खोटा ठरवलेल्या प्रत्येक अलार्मपुढे कारण, तारीख आणि ठरवणाऱ्याचं नाव लिहावंच लागतं. ‘डीएचक्लायंट पॅकेट स्निफर आहे’, म्हणजे नेटवर्कवरची माहिती चोरून ऐकतो, ही चेकरूटकिटची ओळ घ्या. मशीनसाठी आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) मिळवणं हेच डीएचक्लायंटचं काम, त्यासाठी त्याला कच्ची पॅकेट्स (माहितीचे तुकडे) ऐकावीच लागतात, म्हणून ती ओळ येते. हे कारण लिहिलेलं असलं, की उद्या त्या जागी भलत्याच प्रोग्रामचं नाव आल्यावर डोळ्यांत भरतं.

आणि घटना खरी निघाली तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ६ तासांत कळवायचं असतं. निवांत तपासाला जागा नाही.

नंदनवन

मी तंत्रज्ञ नाही. छोटं प्रिंटिंगचं दुकान चालवते. मागे विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसने आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरला व्हायरस म्हटलं, तेव्हा मी एका ठिकाणी विचारलं. उत्तर आलं, ‘लॉग टाका, नाहीतर विचारू नका.’ लॉग म्हणजे काय, ते कुठे असतं, हे एकानेही सांगितलं नाही. ज्याच्या पोटात गोळा आला आहे त्याच्याकडून तुम्ही आवृत्ती आणि हॅश (फाइलीच्या बोटांच्या ठशासारखा आकडा) मागता. काऊन एवढा राग? अर्धवट प्रश्नाला आधी एक साधा उलट प्रश्न विचारता येतो की. शेवटी घाबरून मी गिऱ्हाइकाच्या लग्नपत्रिकेची फाइल व्हायरसटोटल या फाइली तपासणाऱ्या वेबसाइटवर चढवली. तिथे चढवलेली फाइल पैसे भरणाऱ्या सदस्यांना उतरवून घेता येते, हे मला नंतर कळलं. गिऱ्हाइकाचा पत्ता, फोन, सगळं त्यात होतं.

बर्डीचा अ‍ॅडमिन

ताई, हे वाचून वाईट वाटलं. मीही अशी तुटक उत्तरं दिली आहेत. पुन्हा अशी वेळ आली तर फाइल चढवू नका. तिचा हॅश काढून तेवढाच तिथे शोधा. तो कसा काढायचा हे सांगणं आमचं काम. आणि लॉग देताना पासवर्ड, आयपी, गिऱ्हाइकांची नावं झाका, पण चेतावणीची ओळ मात्र तोडू नका.

मिहानवाल्या ताईंचं म्हणणं मी घेतो. त्या दुकानातल्या स्कॅनरची ओळ मी नुसती बंद करून आलो होतो. उद्या जाऊन कारण लिहून ठेवतो.

वर्धमाननगरवाला

पासवर्डचं माझ्या डोक्यात नव्हतं, ते खरं. आमच्याकडे पाच दुकानांना एकच पासवर्ड आहे, आज रात्रीच बदलतो. पण पोरांना तपासाला दोन तासच देईन. तेवढ्यात उलगडा झाला नाही तर पुसणार.

बर्डीचा अ‍ॅडमिन

दोन तास चालतील. फक्त जुनी डिस्क पुसू नका. काढून बाजूला ठेवा आणि नव्या डिस्कवर बॅकअप चढवा. काउंटर सुरू होईल आणि जुनी डिस्क कोणालातरी सावकाश बघता येईल. त्या पाच दुकानांतल्या एखाद्या स्कॅनची पूर्ण ओळ इथे टाका, मी बघतो.