मदत हवी आहे: तिकिटाचे पैसे भरले होते, पण तिकीट स्क्रीनशॉटवर. भाच्याला लोकलमध्ये दंड, आता पुढे काय?

सांजवात:
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

माझा भाचा जून महिन्यात जतहून आमच्याकडे डोंबिवलीला आलाय. वय २१, एमपीएससीची तयारी, दादरला क्लास. पोरगा सरळ आहे. मुंबईच्या गर्दीला अजून बिचकतो, दारातल्या दांडीला धरून उभं राहायचं म्हटलं तर त्याच्या पोटात गोळा येतो.

सोमवारी त्याला उशीर झाला. फलाटावर पोचला तेव्हा गाडी लांबून दिसायला लागली होती. तिकीट काढायला मोबाईलवर ॲप उघडलं, तर स्टेशनच्या आत असल्यामुळे निघेना. (रुळांजवळ तिकीट निघत नाही, हे मला ठाऊक होतं. त्याला सांगायचं राहिलं, ती चूक माझी.) खिडकीची रांग जिन्यापर्यंत आलेली. त्याने गाडीत चढता चढता माझ्या मुलाला फोन केला. मुलगा घरी होता, त्याने स्वतःच्या मोबाईलवरून डोंबिवली-दादर तिकीट काढलं आणि स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर धाडला. दोघांच्या मते काम फत्ते.

मध्ये गाडी बदलायला उतरला तिथे जिन्याखाली टीसी उभे होते. याने ऐटीत स्क्रीनशॉट दाखवला. ते म्हणाले, "हा फोटो आहे, तिकीट कुठाय?" याने माझ्या मुलाला फोन लावून दिला, पैसे गेल्याचा मेसेज दाखवला, काही उपयोग नाही. २५० रुपये दंड, वर भाडं, आणि तेही डोंबिवलीपासून नाही, गाडी कर्जतची म्हणून कर्जतपासून! बाजूला पोलीस उभा होता, त्याला बघूनच हा गारठला. पैसे यूपीआयने दिले, कुठल्यातरी कागदावर सही केली. काय लिहिलं होतं ते वाचलंच नाही.

तेव्हापासून धड जेवत नाही. म्हणतो, "मावशी, माझ्यावर गुन्हा दाखल झाला. उद्या पोस्ट मिळाली तर चारित्र्य पडताळणीत हे निघणार." मला दोनच गोष्टी हव्यात. ही खरंच पोलीस केस आहे का? आणि तिकिटाचे पैसे भरलेले असताना दंड कसा लागतो, त्याला दाद मागता येते का? रेल्वेतलं कोणी इथे असेल तर कृपया लिहा.

आठ_सोळाची_फास्ट:
ताई, दाद वगैरे विसरा. बावीस वर्षं पास काढतोय, बावीस वर्षांत मला पास विचारला असेल पाच-सहा वेळा. आणि ज्या दिवशी पास दुसऱ्या पँटच्या खिशात राहिला, नेमका त्या दिवशी विचारला! पास घरी आहे म्हटलं तरी नसल्यासारखाच धरतात. तुमच्या भाच्याला म्हणावं, मुंबईत स्वागत आहे.

निवृत्त_तपासनीस:
सांजवात ताई, मी हे काम तीस वर्षं केलं. आधी मुलाला जेवायला वाढा, मग हे वाचा.

रेल्वे कायदा १९८९ मध्ये विनातिकीट प्रवासाची दोन वेगळी कलमं आहेत आणि लोक त्यांची कायम गल्लत करतात. कलम १३७ हे फसवणुकीच्या इराद्याने केलेल्या प्रवासाचं. तो गुन्हा. त्यात माणसाला रेल्वे मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम १३८ म्हणजे जादा आकार. योग्य तिकीट दाखवता आलं नाही, तर प्रवासाचं भाडं आणि वर तेवढाच जादा आकार, पण किमान २५०. तो भरला, पावती घेतली की विषय तिथेच संपतो. तिथे कोर्ट नाही, शिक्षा नाही. आपण सगळे त्याला दंडच म्हणतो, पण कोर्टाने केलेला दंड तो नव्हे. भरायलाच नकार दिला तर मात्र मॅजिस्ट्रेटपर्यंत जातं आणि तिथे दहा दिवस ते महिनाभर आत जायची वेळ येऊ शकते.

मुलाने जागेवर पैसे भरले म्हणजे १३८ असणार. तरी पावती बघा. सही केली ती बहुतेक पावतीच्या पुस्तकातच केली असेल.

कर्जतपासून भाडं लावलं यात टीसीने मनचं काही केलेलं नाही. कुठून बसलात हे सिद्ध होत नसेल, तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचं भाडं घ्यायचं, किंवा मध्ये कुठे तपासणी झाली असेल तर तिथपासूनचं, असं कायद्यातच आहे. नाहीतर प्रत्येक जण "आत्ता मागच्याच स्टेशनावर चढलो" म्हणेल. म्हणायचेच!

चौकस:
पण काका, भाच्याने पैसे तर भरले ना? रेल्वेला तिचं भाडं मिळालं. मग रेल्वेचं नुकसान काय झालं?

निवृत्त_तपासनीस:
हाच प्रश्न मला रोज चार जण विचारायचे. आपल्या लोकलच्या स्टेशनाला फाटक नाही. मेट्रोत फाटकावर कार्ड किंवा क्यूआर लावल्याशिवाय आत जाता येत नाही आणि बाहेरही पडता येत नाही. लोकलच्या स्टेशनात कुणीही कुठूनही येतो: पुलावरून, रिक्षा स्टँडकडून, कुंपणाच्या फटीतून. भाडं वसूल करायचं ते प्रवाशाच्या हातात काय आहे ते बघूनच. एक स्क्रीनशॉट दहा जणांना पाठवला तर दहा जण एका तिकिटावर जातील. म्हणून तिकीट ज्या मोबाईलवर निघालं, त्याच मोबाईलवर ॲप उघडून 'शो तिकीट' दाबून दाखवायचं. नेट नसलं तरी ते उघडतं.

त्यात २०२५ मध्ये एआयने बनवलेले खोटे पास पकडले गेले, लोकांवर गुन्हे दाखल झाले. एसी लोकलमध्ये बसणारी, चांगल्या नोकरीतली माणसं. तेव्हापासून मोबाईलवरच्या चित्राकडे टीसी कसा बघत असेल, विचार करा. पुठ्ठ्याच्या तिकिटाचं बरं होतं, हातात धरलं की बोटालाच कळायचं.

रुळांची_शेजारीण:
तिकिटाऐवजी चालायची ती कूपनं आठवली! ती लाल मशिनं, कूपन आत सारायचं आणि 'खट्' आवाज. शाई संपलेली असली की कूपन कोरंच बाहेर. मग टीसीला मशीन दाखवायला न्यायचं, आणि तो यायला तयार नसायचा. २०१५ च्या सुमारास बंद झाली ती.

विषयाला धरून एक. टीसीने विनातिकीट म्हणून गाडीतून उतरवायचं ठरवलं, तरी सोबत पुरुष नसलेल्या बाईला किंवा एकट्या मुलाला कुठेही उतरवता येत नाही. ज्या स्टेशनावरून प्रवास सुरू केला तिथे, किंवा जंक्शन, टर्मिनस, जिल्ह्याचं ठिकाण अशाच जागी, आणि तेही दिवसाउजेडी. कलम १३९. मुलींना हे सांगून ठेवा.

गपगुमान:
एवढं कशाला? टीसी दिसला की शंभराची नोट पुढे करायची, पावती नको म्हणायचं. सगळे करतात.

आठ_सोळाची_फास्ट:
गपगुमान, हा सल्ला सरकारी परीक्षा देणाऱ्या पोराला देताय? आणि काळा कोट घालून फिरणारा प्रत्येक जण टीसी नसतो. तोतये सापडले आहेत. बिल्ला बघा, ओळखपत्र मागा, छापील पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. या पोराने पावती घेतली तेच त्याला आज तारतंय.

निवृत्त_तपासनीस:
सोळा आणे खरं. नोट पुढे करणं हा स्वतंत्र गुन्हा, हे लक्षात असू द्या.

चौकस, तुमच्यासाठी एक गंमत. आम्ही जिन्याच्या वर कधी उभे राहायचो नाही, खाली राहायचो. वर उभं राहिलं की माणूस लांबूनच बघतो आणि मागच्या जिन्याने सटकतो. पाससुद्धा सगळ्यांना विचारायचो नाही. पासवाला टीसीकडे बघत नाही, त्याचं लक्ष पुढच्या गाडीवर असतं. ज्याच्याकडे तिकीट नसतं तो एक तर टक लावून बघतो, नाहीतर अचानक मोबाईल कानाला लावतो. तुमच्या भाच्याने बहुतेक टक लावून पाहिलं असेल ताई.

चौकस:
हाहा. पण पकडून पकडून किती पकडणार? मध्य रेल्वेने २०२५ मध्ये 'लकी यात्री' आणलं होतं, तिकीट असणाऱ्याला रोज १०,००० आणि आठवड्याला ५०,००० बक्षीस. दंडापेक्षा मला ती कल्पना जास्त पटली. तिकीट काढणाऱ्याला कोणी काही देतंय, असं पहिल्यांदाच बघितलं.

आठ_सोळाची_फास्ट:
मला बक्षीस नको, बसायला जागा द्या.

सांजवात:
सगळ्यांचे मनापासून आभार. पावती आता समोर घेऊन बसलेय. हाताने लिहिलेली, कार्बनवरची, वर छापील नंबर. भाडं आणि जादा आकार वेगवेगळ्या रकान्यांत, कारणाच्या जागी 'विनातिकीट'. आडनावाचं पार वाटोळं केलंय, पण आकडे स्वच्छ आहेत. कोर्ट, मॅजिस्ट्रेट, तारीख असलं कुठेच काही नाही. सही खाली आहे ती पैसे भरल्याचीच.

निवृत्त_तपासनीस काका, एक शेवटचं. नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात 'अटक, खटला, न्यायालयाने केलेला दंड' असं विचारतात. तिथे याने काय लिहायचं?

निवृत्त_तपासनीस:
अटक नाही, खटला नाही, न्यायालय नाही. तेव्हा त्या प्रश्नाचं खरं उत्तर 'नाही' हेच आहे. पावती मात्र जपून ठेवा, फोटो काढून ठेवा, कार्बन पुसट होतो. पैसे परत मागायच्या फंदात पडू नका. मोबाईलवरच्या तिकिटाची अटच ती आहे, तिकीट दाखवता आलं नाही हे खरंच आहे.

रोजचा प्रवास आहे तर पास काढून द्या. एक ध्यानात ठेवा: ॲपवर काढलेला पास दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. 'पास काढलाय' म्हणून त्याच दिवशी गाडीत बसलेले कितीतरी जण मी पकडलेत. आणि ॲपवरचं साधं तिकीट असेल तर काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू व्हायला हवा.

सांजवात:
काका, तुमचा प्रतिसाद मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला. 'टक लावून पाहिलं असेल' यावर हसला, चार दिवसांत पहिल्यांदाच. टक लावूनच बघत होता म्हणे, काळा कोट एवढा जवळून कधी पाहिला नव्हता.

काल रात्री घरात बसून त्याच्याच मोबाईलवर पास काढला तेव्हा बाराला पाच मिनिटं होती, म्हणजे लागू आजपासून. तरी गडी सकाळी वीस मिनिटं रांगेत उभा राहिला आणि खिडकीवरून कागदी तिकीटही काढलं. दोन्ही खिशात घेऊन दादरला उतरला, पुलाखाली मुद्दाम हळू चालला. कोणीच विचारलं नाही. त्याचाच आता राग आलाय.