‘व्हर्च्यू’ला सद्गुण म्हणावं का?

प्रश्न : ‘मटेरिअ‍ॅलिझम आणि ख्रिस्ती धर्म यांमुळे समाजाची व्हर्च्यूची कल्पना घडते’ अशा अर्थाचं वाक्य भाषांतरात आलंय. व्हर्च्यू म्हणजे सद्गुण, हे ठीक? आणि मटेरिअ‍ॅलिझमला भौतिकवाद म्हणू की चंगळवाद?

उत्तर : सद्गुण चालेल, पण त्यात या शब्दाचा प्रवास दिसत नाही. लॅटिनमध्ये ‘विर’ म्हणजे पुरुष आणि ‘विर्तुस’ म्हणजे मर्दुमकी, रणातलं शौर्य. आपल्या ‘पौरुष’ची घडण अगदी तशीच. ख्रिस्ती धर्माने शब्द तोच ठेवला, मानकरी बदलले. ग्रीकमध्ये ‘तापेइनोस’ म्हणजे खालचा, हीन. जुन्या ग्रीक लेखनात तो बहुधा हिणवण्यासाठीच येतो. बायबलच्या नव्या करारातल्या, मूळ ग्रीकमधल्या कलस्सैकरांस पत्रात त्याच धातूचा शब्द दया आणि सौम्यता यांच्या रांगेत बसलाय, नम्रता म्हणून! मला तर संपूर्ण ख्रिस्ती नीतीचं मर्म या एका शब्दाच्या बढतीत दिसतं. पुढे विवेक, न्याय, धैर्य, संयम या जुन्या चार गुणांना श्रद्धा, आशा, प्रीती हे तीन येऊन मिळाले.

यातल्या प्रीतीसाठी १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘चॅरिटी’ होतं. १८८१च्या सुधारित नव्या करारात ‘लव्ह’ आलं. चॅरिटीचा अर्थ दानधर्मापुरता आक्रसत गेला होता. मराठी बायबलमधला ‘प्रीती’ मला फार नेमका वाटतो.

दुसरा प्रश्न : मग मटेरिअ‍ॅलिझम या सगळ्याच्या विरुद्धच ना?

उत्तर : कुठला, ते आधी ठरवा. विश्वात जडापलीकडे काही नाही हे मत म्हणजे जडवाद किंवा भौतिकवाद. पैसा आणि वस्तू यांतच सुख शोधणं तो चंगळवाद. जडवादी माणूस अत्यंत साधा राहू शकतो, आणि रोज प्रार्थना करणारा चंगळवादी असू शकतो. देव आणि धन या दोघांची सेवा एकदम करता येत नाही, हा येशूचा इशारा चंगळवादाबद्दल आहे. तिथे धनासाठी मूळ ग्रीक पाठातही ‘मॅमन’ हा अरामी शब्दच ठेवलाय.

जडवाद्यांनी सद्गुण टाकून दिला नाही, त्याची कसोटी बदलली. फ्रान्समध्ये एल्व्हेसियस या तत्त्वज्ञाने १७५८ साली लिहिलं की सार्वजनिक हित साधतं ते सद्गुण. पुस्तक जाळलं गेलं. त्या कसोटीवर एकांतातल्या उपवासाला किंमत उरत नाही, आणि वाद खरा पेटतो तो इथे.

तेव्हा तुमच्या वाक्यात लेखकाचा रोख बघा. वस्तूंच्या हव्यासाबद्दल बोलत असेल तर चंगळवाद, नाहीतर जडवाद. ‘पुण्य’ मात्र नको. पुण्य साठतं, सद्गुण अंगी बाणतो.