एकाच रेकॉर्डच्या तीन प्रती आहेत, कोणती ठेवू?

जुनी_सुई:
आम्ही लहान घरात चाललोय. रेकॉर्डना एकच कपाट मिळेल असा घरात तह झालाय. चारशेच्या आसपास आहेत, दीडशे मावतील. बहुतेकींचा निकाल लागला. ह्यूमन लीगची 'डेअर' राहणार, याझूची 'अपस्टेअर्स ॲट एरिक्स' तर वेळ आली तर उशाशी घेऊन झोपेन. ज्यांचं एकच गाणं गाजलं अशा बँडांच्या बारा-इंची सिंगल्स मैत्रिणीच्या मुलाला दिल्या. त्याला बहुधा नको होत्या, पण बिचाऱ्याला नाही म्हणता आलं नाही.

अडलंय ते डिपेश मोड या ब्रिटिश बँडच्या 'सम ग्रेट रिवॉर्ड'पाशी. १९८४ची, कारखान्यासमोर नवरा-नवरी उभे आहेत ती. पहिली प्रत मी १९८६ साली सेकंड हँड घेतली. दुसरी नव्वदच्या दशकात मिळाली, जवळजवळ कोरी. तिसरी १८० ग्रॅमची नवी छपाई, वाढदिवसाची भेट. नवरा म्हणतो, एकच ठेवायची.

आता पहिलीची कुंडली सांगते. पहिल्या बाजूचं पहिलंच गाणं 'समथिंग टू डू'. त्यात एका ठिकाणी सुई उडी मारते. घेतली तेव्हापासून मारते. पण हे मला माहीतच नव्हतं! रेडिओवर लागायची ती सिंगल्स, हे गाणं मी दुसरीकडे कुठे ऐकलंच नव्हतं. शिवाय ही मंडळी आदल्या अल्बमच्या वेळी, १९८३ साली, लंडनच्या शोरडिच भागात पत्र्यावर दणके घालून ते आवाज टेप करत फिरलेली. तेव्हा मध्येच 'खट्' झालं की मला वाटायचं, हे बँडमधल्या ॲलन वाइल्डरचंच काम असणार. मनोमन दादही द्यायचे.

मग जानेवारी १९८८. 'म्युझिक फॉर द मासेस'चा दौरा, लंडनची वेम्बली अरीना. मी वीस वर्षांची, तिथेच शिकत होते. अंधारात 'पिम्फ' घुमलं, मग 'बिहाइंड द व्हील'. तोवर घसा बसला होता. थोड्या वेळानं 'समथिंग टू डू' सुरू झालं आणि मी जीव तोडून गायला लागले. त्या जागेपाशी आलो आणि मी पुढची ओळ सुरू केली, एकटीनंच. अख्खं वेम्बली मागे आणि मी पुढे. शेजारच्या मुलीनं असं काही वळून पाहिलं की अजून कान गरम होतात. दोन वर्षं मी ते गाणं मधला तुकडा गाळून पाठ केलं होतं.

तर, टाकायची ती हीच का? आणि लगे हाथ दुसरा प्रश्न. त्याच रात्रीचा टी-शर्ट आहे, काळा, पाठीवर दौऱ्याच्या तारखा. छापाला भेगा पडल्यात, मला होत नाही, तरी दोन-तीन वेळा झोपताना घालून पाहिलाय. त्याचं काय करू?

कानसेन_नाही:
मजा आली वाचून. आधी हिशोब: रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. सुई शेजारच्या वळणात गेली की तेवढंच गाणं गळतं. तुम्ही वेम्बलीत १.८ सेकंद पुढे होतात. दोन वळणं ओलांडत असेल तर ३.६. त्या मुलीनं बघितलं त्यात तिची चूक नाही.

आता कामाचं. उडी म्हणजे चरा असेलच असं नाही. कित्येकदा खाचेत घट्ट बसलेला मळाचा कण असतो. त्या जागी कागदाचा बारीक तुकडा खुणेला ठेवून रेकॉर्ड बंद करा आणि भिंगातून बघा. आडवी रेघ दिसली तर चरा, ठिपका दिसला तर तुमचं नशीब चांगलं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घाला, मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनंच फिरवा, आडवं नाही. मधलं लेबल भिजू देऊ नका. तरी हलला नाही तर लाकडी टूथपिकचं टोक भिजवून मऊ करा आणि अगदी हलक्या हातानं. सुईवर नाणं ठेवण्याचा जुना उपाय कुणी सुचवेलच, तो करू नका. खाच सोलून निघते. वजन वाढवायचंच तर कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेत.

आणि १८० ग्रॅम हे वजन आहे, दर्जा नव्हे. आवाज ठरतो तो मूळ टेप कुठली, तिच्यावरून खाच कापली कुणी, छपाई नीट झाली का, यावर. माझ्याकडच्या काही जाड रेकॉर्ड जेवणाच्या ताटासारख्या वाकड्या आहेत.

निळा_सोमवार:
तीन प्रतींवर आक्षेप घेणारी माणसं जगात आहेत हे ऐकून वाईट वाटलं.

माझ्याकडे न्यू ऑर्डरच्या 'ब्लू मंडे'च्या (१९८३) दोन आहेत, आणि दोन्ही लागतात. एकीचं कव्हर डिझायनर पीटर सॅव्हिलच्या मूळ आराखड्याप्रमाणे फ्लॉपी डिस्कसारखं कापलेलं, भोकांतून आतलं चंदेरी पाकीट दिसतं. दुसरी नंतरची, भोकं नुसती छापलेली. कव्हरवर बँडचं नाव नाही, गाण्याचं नाव नाही, कडेला रंगांचे चौकोन. ते रंग वाचायची किल्ली दुसऱ्याच रेकॉर्डच्या, 'पॉवर, करप्शन अँड लाइज'च्या मागच्या बाजूला. म्हणजे नाव वाचायलाही दोन रेकॉर्ड घ्या! शाळेत असताना मी स्केचपेन घेऊन एक अख्खा रविवार त्यात घालवला. एवढ्या चिकाटीनं बीजगणित केलं असतं तर आज वेगळं काही करत असतो.

असो, तुमच्या प्रश्नाला उत्तर: लग्न लावून द्या. संग्राहक सर्रास करतात. जुनं कव्हर चांगलं असेल तर त्यात दुसरी, कोरी रेकॉर्ड घाला. कव्हरवर नवरा-नवरी आहेतच. श्टूम १९ हा रेकॉर्ड कंपनीचा कॅटलॉग क्रमांक लेबलवर आणि कव्हरवर जुळतोय तेवढं बघा. उडीवाली साध्या कागदी पाकिटात घालून मागे सरकवा, नवऱ्याच्या मोजणीत येणार नाही.

फुकटचा_सल्ला:
तिन्ही विका. फोनवर सगळं आहे, उडीसुद्धा मारत नाही.

निळा_सोमवार:
@फुकटचा_सल्ला, नाव सार्थ केलंत.

दुहेरी_शिलाई:
टी-शर्टबद्दल. बाहीची आणि खालची पट्टी उलटून बघा. शिलाईची एकच ओळ असेल तर तो त्या काळचा असण्याची शक्यता बरीच, नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत तशी शिलाई सर्रास असायची. दोन समांतर ओळी दिसल्या तर बहुतेक नंतर छापलेला. तुमचा तर अंगावरच म्हातारा झालाय, तेव्हा तो प्रश्न नाही.

भेगा पडतात त्या छापाच्या शाईमुळे. प्लॅस्टिकच्या जातीची असते, उष्णतेनं कडक होते आणि ताणली की तडकते. यापुढे ड्रायर नाही, इस्त्री नाही. धुवायचाच तर उलटा करून, गार पाण्यात, हातानं. हँगरला टांगू नका, खांदे लोंबतात. छापावर घडी येणार नाही असा सैल गुंडाळा, आत आम्लविरहित टिश्यू पेपर. फ्रेम करणार असाल तर उन्हापासून लांब, काळा रंग विटकरी व्हायला वेळ लागत नाही. आणि झोपताना घालणं थांबवा. (मी ऐकणार नाही हे मला स्वतःबद्दल माहीत आहे. माझा ओएमडी बँडचा आहे.)

एक शंका. आत, स्टॉलवर घेतला होता की बाहेर फुटपाथवर?

जुनी_सुई:
पकडलंत. बाहेर. कार्यक्रम सुटल्यावर एक माणूस हातावर दहा-बारा टाकून ओरडत होता, आतल्यापेक्षा बऱ्याच स्वस्तात. आत विकत घेण्याएवढे पैसे असते तर रेकॉर्ड तरी सेकंड हँड का घेतली असती? माझी मुलगी आठ वर्षांची असताना नवीनच स्पेलिंग शिकत होती. तिनं एक दिवस पाठीवर बोट ठेवून विचारलं, "आई, डिपेशच्या शेवटी ई असतो ना?" असतो. शर्टावर नाही. एका फ्रेंच फॅशन मासिकावरून घेतलेलं नाव, त्याची फुटपाथवर अशी वाट लागलेली, आणि इतकी वर्षं मी ते अंगावर मिरवत होते. कुणाला दिसलं नाही, किंवा दिसलं आणि कुणी बोललं नाही.

दुहेरी_शिलाई:
मग फ्रेम कराच. स्पेलिंग चुकलेले माझ्या पाहण्यात फार नाहीत.

जुनी_सुई:
चार दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी. @कानसेन_नाही, भिंगातून बघितलं. ठिपका होता. चरा नव्हताच! तुम्ही सांगितलं तसं भिजवलं, ब्रश फिरवला, काही नाही. मग टूथपिक. हात इतका कापत होता की नवऱ्यानं येऊन टेबल लॅम्प धरला. तिसऱ्या खेपेला एक काळा कण निघाला, मोहरीहून कितीतरी बारीक. लेन्स पुसायच्या कापडावर ठेवला आणि शिंक आली. गेला.

रात्री लावली. पहिली बाजू, पहिलं गाणं. सुई सरळ पुढे गेली, मधला तुकडा नीट वाजला. मी मात्र पुढची ओळ सुरू करून मोकळी झाले होते, १.८ सेकंद आधी. नवरा म्हणाला, "हे तू नेहमी असंच गातेस. मला वाटायचं, गाणंच असं आहे."

तर पहिली ठेवतेय, तिच्याच कव्हरात. १८० ग्रॅमची भेट परत देता येत नाही, म्हणून तीही राहणार, तो वाद मी जिंकला. दुसरी, जवळजवळ कोरी, श्टूम १९, कव्हराचा एक कोपरा दबलेला. हवी असेल त्यांनी व्यक्तिगत निरोप करा. @फुकटचा_सल्ला यांना प्राधान्य.