मणिभवन पाहण्यासाठी वृद्ध वडिलांना नेताना : मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. येत्या हिवाळ्यात माझ्या ७८ वर्षांच्या वडिलांना मुंबईतील गावदेवी येथील मणिभवन दाखवण्याचा विचार आहे. रेवाशंकर जगजीवन झवेरी यांच्या मालकीच्या या घरात गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की उतरत असत आणि ४ जानेवारी १९३२ रोजी पहाटे त्यांना याच घराच्या गच्चीवरून अटक झाली होती. वडिलांनी प्राथमिक शाळेत टकळीवर सूत कातले आहे (ते सारखे तुटे, असे ते स्वतःच सांगतात), त्यामुळे गांधीजींची खोली आणि तेथील चरखे डोळ्यांनी पाहावेत, एवढीच त्यांची इच्छा आहे.

माझी खरी अडचण जिन्याची आहे. ही खोली दुसऱ्या मजल्यावर असून वडिलांचे गुडघे दुखतात. जिना कितपत चढा आहे, मध्ये टेकायला जागा मिळते का आणि कर्मचाऱ्यांना आधी कळवल्यास काही सोय होते का, हे ज्यांनी अलीकडे तेथे भेट दिली आहे त्यांनी कृपया सांगावे. गर्दी कोणत्या वेळी कमी असते, हेही कळले तर बरे होईल.

ग्रँट रोड स्थानकावरून टॅक्सी करणारच आहोत. मात्र परतताना ऑगस्ट क्रांती मैदानापर्यंत त्यांना हळूहळू चालत नेणे जमेल का, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.